उपकरण ओळखता येत नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, कंपनीचे माननीय संचालक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले विक्री विभागाचे प्रमुख, मनुष्यबळ विभागाच्या बाईसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, आमच्या बाई, सर्व्हिस विभागातले त्यांचे सहकारी, कर्मचारी बंधुभगिनी, माझी पत्नी, आणि मधल्या वाटेतून चाकाची खुर्ची जात नाही म्हणून ज्यांना अगदी मागे, दाराच्या वाऱ्यात बसवण्यात आलं आहे ते ड्रायव्हरभाऊ आणि त्यांच्या भगिनी, आपणा सर्वांना नमस्कार. मला हात जोडता येत नाहीत. तेव्हा हा नमस्कार नुसत्या तोंडाचाच आहे, तो मानून घ्यावा.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'कंपनीचे समाधानी ग्राहक' अशी करून दिली. त्यात थोडी भर घालतो. मी धंद्याने मुद्रितशोधक. एकतीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची प्रुफं वाचतो आहे. इथल्या बऱ्याच जणांनी लहानपणी जे विज्ञान वाचलं, त्यातले ऱ्हस्वदीर्घ माझ्या हाताखालून गेलेले आहेत. हाताखालून म्हणायची सवय आहे, म्हणून म्हणालो.

गेल्या आठवड्यात मला कंपनीकडून आजचं भाषण आलं. निमंत्रण नव्हे हो, भाषण. दोन पानी, टाइप केलेलं. 'आपणांस सोयीचे जावे म्हणून सोबत मजकूर जोडत आहोत.' मजकूर समोर आला की मला तो तपासल्याशिवाय राहवत नाही. सतरा चुका निघाल्या. सोळा शुद्धलेखनाच्या. सतरावी चूक अशी, की अक्षरं सगळी बरोबर होती, पण शब्दच खोटा होता. वाक्य होतं, 'बाई आज स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.'

'स्वेच्छेने' हा शब्द मी खोडला. त्या जागी काय लिहायचं, ते सांगायला इथे उभा आहे.

साहेब, घड्याळाकडे पाहू नका. मला दहा मिनिटं दिली आहेत, त्यातली दोनच झाली.

सहा वर्षांपूर्वी प्रेसच्या गोदामात जुन्या प्रुफांचा गठ्ठा काढताना मी शिडीवरून मानेवर पडलो. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे, काय काय परत येतं ते पाहू. पाय परत आले. हळूहळू, कुरकुरत, पण आले. हात आले नाहीत. कोपरापर्यंत उचलता येतात, पुढची दहा बोटं नुसती लोंबतात. डोकं शाबूत, डोळे शाबूत, जीभ तर आपण ऐकताच आहात. तेव्हा मी ठरवलं की काम सोडायचं नाही.

कृत्रिम अवयवांच्या कारखान्यातून पायाने दाबायची दोन पेडलं करून घेतली. चष्म्याच्या काडीवर एक छोटा दर्शक बसवला. मान हलवली की पडद्यावरचा बाण हलायचा, डावं पेडल दाबलं की अक्षर उमटायचं. एक पान तपासायला पूर्वी वीस मिनिटं लागत, ते आता दीड तास लागायला लागलं. पण पान माझं होतं.

अडचण एकच होती, तारांची. दोन पायांना दोन तारा आणि एक तार चष्म्यापासून मानेवरून खाली. दावणीला बांधलेलं जनावर पाहिलंय ना? तसा मी टेबलाशी बांधलेला असायचो. तहान लागली, हाक मार. लघवीला जायचं, हाक मार. माझी बायको घरी शिवणकाम करते. गिऱ्हाईकाचं माप घेता घेता ती पिना दातांत धरून धावत यायची, माझ्या तारा सोडवायची, मी परत आलो की पुन्हा अडकवायची. दिवसातून आठ-नऊ वेळा. मी पाणी पिणं कमी केलं. डॉक्टर ओरडले. बायको त्याहून ओरडली.

अशा वेळी कुणीतरी या कंपनीच्या डबीबद्दल सांगितलं. जे कंपनीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साबणाच्या वडीएवढी काळी डबी असते. तिला हब म्हणतात. ती टेबलाखाली ठेवायची. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, जे काही दहा-बारा पावलांच्या आत असेल ते ती तारेशिवाय कॉम्प्युटरशी जोडते. आम्ही ती आणली. कीबोर्ड जोडला गेला, माऊस जोडला गेला. ज्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता ते सगळं जोडलं गेलं. माझी पेडलं तेवढी राहिली. तक्रार केली, आणि तिसऱ्या दिवशी खांद्याला कापडी पिशवी लावून या बाई दारात उभ्या.

सर्व्हिस विभागात यांना, सतत तारांना डाग देत असतात म्हणून, सोल्डरबाई म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या दिवशी बाईंनी पेडलं उलटी करून पाहिली, चष्मा पाहिला, मानेवरची तार पाहिली. मग मला न विचारता बायकोला विचारलं, "हे दिवसातून किती वेळा सोडावं लागतं?"

बायको म्हणाली, "मोजत नाही. मोजलं तर राग येईल."

बाई पेडलं पिशवीत घालून घेऊन गेल्या. तीन रविवार त्या आमच्याकडे येत होत्या. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने. पेडलांच्या पोटात आणि चष्म्याच्या काडीत त्यांनी छोटे छोटे भाग बसवले आणि डबीच्या आतला प्रोग्रॅम बदलला, म्हणजे डबी त्या पेडलांना ओळखायला लागली. हे त्यांना जमलं, कारण ही डबी मुळात पहिल्यांदा तयार झाली तेव्हा ती करणाऱ्या पाच माणसांत त्या एक होत्या. साहेब, आपल्या माहितीपत्रकात त्या पाचांपैकी एकाचंही नाव नाही. मी तपासलं आहे. आपलं मात्र आहे, छायाचित्रासह.

तिसऱ्या रविवारी तारा निघाल्या. बायको खाली दुकानात दोरा आणायला गेली होती. मी चष्म्यासकट उठलो, स्वयंपाकघरात गेलो, दोन मनगटांत तांब्या धरला आणि पाणी प्यायलो. अर्धं अंगावर सांडलं. इतक्यात बायको परत आली. टेबलाजवळ रिकामी खुर्ची पाहून तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. "अहो, कुठे गेलात?" मी आतून म्हणालो, "पाणी पितोय!" ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ओल्या शर्टाकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई हॉलमध्ये पिशवी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "टप्पा बारा पावलांचाच आहे हं. जिन्यावर गेलात तर बाण हलायचा नाही."

ही त्यांची शाबासकीची पद्धत.

पुढे कंपनीला हे कळलं. साहेब स्वतः छायाचित्रकार घेऊन आमच्या घरी आले. आठवतं ना साहेब? आपण बायकोला टेबलावरचा कप उचलायला सांगितलात, मला निळा शर्ट घालायला लावलात आणि म्हणालात, "आता पेडल दाबा. थोडं हसा." मी हसलो. मला खरंच आनंद झाला होता. तो फोटो माहितीपत्रकावर आला, भिंतींवर आला, आणि आपल्याला कुठल्याशा परिषदेत पुरस्कार मिळाला तेव्हा पाठीमागच्या पडद्यावर माझे पाय होते.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्या फोटोनंतर बाईंना अजून अकरा घरी जायला परवानगी मिळाली. अकरा माणसं. त्यांतलेच हे ड्रायव्हरभाऊ. बावीस वर्षं मालट्रक चालवला. पक्षाघाताने अंग गेलं, वाचा गेली, हनुवटी तेवढी हलते. बाईंनी हनुवटीखाली एक बटण बसवलं. ते दाबून दाबून ते पडद्यावर अक्षरं निवडतात आणि यंत्र ती मोठ्याने बोलतं. पाच महिन्यांच्या मुक्या काळानंतर त्यांनी त्या यंत्रातून पहिलं वाक्य काय उच्चारलं ठाऊक आहे? त्यांच्या भगिनींनी मला सांगितलं. "ताई, आमटीत मीठ कमी असतं." ताई म्हणतात, पाच महिने हा माणूस मुकाट्याने अळणी जेवत होता आणि मला पत्ता नव्हता!

हसा, हसा. मीही हसलो होतो. आता पुढचं ऐका.

तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी कामाला बसलो. सातवीच्या विज्ञानाचं पुस्तक होतं, रक्ताभिसरणाचा धडा. डावं पेडल दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर चौकट आली, 'उपकरण ओळखता येत नाही.' कंपनीने रविवारी डब्यांना आपोआप नवा प्रोग्रॅम पाठवला होता. त्या दिवसापासून डबी फक्त कंपनीचा शिक्का असलेल्याच वस्तू ओळखणार. कंपनीचा कीबोर्ड, कंपनीचा माऊस. बाकी सगळं अनोळखी.

मदतकेंद्राला फोन लावला. यंत्र बोललं, "मराठीसाठी एक दाबा." साहेब, मी कशाने दाबू? बायकोने दाबलं. मग तीन, मग दोन, मग पुन्हा एक. बारा मिनिटांनी एक मुलगी बोलायला आली. गोड आवाजाची, तिचा काही दोष नाही.

"सर, आपलं पेडल मान्यताप्राप्त यादीत नाहीये."

"अहो, ते तुमच्याच माहितीपत्रकावर आहे! निळ्या शर्टाखाली बघा!"

"सर, माहितीपत्रकाची माहिती आमच्याकडे नसते. मी तक्रार नोंदवून घेते."

चौथ्या दिवशी बायकोच्या मोबाईलवर संदेश आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली?' खाली पाच चांदण्या.

ते अकरा दिवस मी विसरणार नाही. बायकोने शिवणयंत्रावर चादर घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी वाचायचो, ती टाइप करायची. मी म्हणायचो, "स्वल्पविराम." ती पूर्णविराम द्यायची. मी ओरडायचो, "स्वल्पविराम म्हटलं मी! शेपूट असलेला!" एकदा ती शांतपणे उठली आणि म्हणाली, "तुमच्या एका शेपटीसाठी माझ्या तीन गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत. मी तुमचे हात आहे, पण मला तोंडही आहे, हे ध्यानात ठेवा." आणि जिन्यावर जाऊन बसली. ज्या बायकोला मी तारांतून सोडवलं असं मला वाटत होतं, तिला मी पुन्हा दावणीला बांधलं होतं. नाही, चुकलो. मी नाही. या कंपनीने. आज तरी मी हे आवंढ्याबरोबर गिळणार नाही.

बाराव्या दिवशी बाई आल्या. रजा टाकून. पिशवीतून लॅपटॉप काढला, डबी पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "मी जुना प्रोग्रॅम परत घालतेय. हे नियमात बसत नाही, तेव्हा मी आज इथे आलेच नाही असं समजा."

बायकोने विचारलं, "न आलेल्या माणसाला चहा चालतो का?"

"साखर कमी," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्या बाराही घरी न जाता जाऊन आल्या. विक्री विभागाचे प्रमुख मान हलवतायत. हलवा. आपणच कंपनीच्या सभेत म्हणाला होतात ना, की बारा माणसांसाठी नियम वाकवता येत नाही? बारा माणसांचे फोटो काढताना बारा हा आकडा लहान वाटला नव्हता.

क्षमा करा, चिठ्ठी आली वाटतं. सूत्रसंचालक, माझ्यासमोर घडी करून काय ठेवता? मला ती उलगडता येत नाही. आपणच उघडा आणि माईकवर वाचा. नाही वाचत? मग असू दे. वेळ झाली असंच लिहिलं असणार. व्हायची तर कधीच झाली होती.

आता येतो त्या भागाकडे, जो सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या लक्षात आलं की बारा डब्यांत जुना प्रोग्रॅम चालू आहे. चौकशी लागली. आमच्याकडे दोन अधिकारी आले, नीटनेटके, सभ्य. जोडे बाहेर काढून आत आले. त्यांनी माझ्या पडद्यावर एक निवेदन उघडलं. 'माझ्या उपकरणात सदर कर्मचारी महिलेने माझ्या संमतीशिवाय फेरफार केला.' म्हणाले, यावर सही करा. सही केलीत तर कंपनी तुम्हाला मान्यताप्राप्त पेडलं खास बनवून देईल, डबी नवी देईल, कामात एक दिवस खंड पडणार नाही. नाही केलीत तर फेरफार केलेली डबी आत्ता उचलून न्यावी लागेल.

मी विचारलं, "बाईंना काय होईल?"

"काही नाही हो. कागदोपत्री समज देतील."

बायको बाजारात गेली होती. रक्ताभिसरण कसंबसं संपलं होतं, श्वसनाचा धडा अर्धा झाला होता. मला ते अकरा दिवस आठवले. जिन्यावर बसलेली बायको आठवली. मी मान वळवली, बाण चौकटीवर नेला आणि डावं पेडल दाबलं.

बाईंनी रविवारी घरी नेऊन दुरुस्त करून आणलेलं पेडल, साहेब. ते दाबून मी त्यांच्याविरुद्ध सही केली.

'संमतीशिवाय' हा शब्द मी वाचला होता. मी मुद्रितशोधक आहे, माझ्या नजरेतून शब्द निसटत नाही. तो खोटा आहे हे मला दिसत होतं. एकतीस वर्षांत मी वेलांटीची चूक सोडली नाही, आणि ही सोडली. जाणूनबुजून.

बायको परत आल्यावर तिला सांगितलं. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "आणि बाकीच्या अकरा जणांचं काय?" मी त्यांचा विचारच केला नव्हता.

माझी पेडलं आली. चांगली आहेत. खोटं कशाला बोलू, जुन्यांपेक्षा हलकी आहेत. आणि बरोबर दोन आठवड्यांनी ड्रायव्हरभाऊंच्या ताईंचा फोन आला. "काका, तुम्ही काही कागद केलात का? तुमच्या कागदावरून म्हणे सगळ्यांच्या डब्या तपासणीला नेल्या. आमची परत आली, पण भाऊचं बटण ओळखत नाही. मी विचारलं तर म्हणाले, हनुवटीचं बटण यादीत नाही. भाऊ बोलत नाहीये हो, काका."

मी फोनवर गप्प. माझी वाचा शाबूत असून मी गप्प.

त्याच संध्याकाळी बाईंना फोन केला. तोपर्यंत त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले गेले होते, बडतर्फी किंवा राजीनामा. नोकरीची तीन वर्षं बाकी होती. त्यांचा लॅपटॉप काढून घेतला होता. चौकशीत माझं निवेदन त्यांना वाचून दाखवलं होतं, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "बाई, मी..." त्या मध्येच म्हणाल्या, "तुमचं काम चालू आहे ना? मग झालं."

बाई, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला! शिव्या घातल्या असत्यात तर मी सुटलो असतो. तुम्ही साधा आवाजही चढवला नाहीत. आणि आजही तुम्ही या व्यासपीठावर पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन मान खाली घालून बसला आहात. कशासाठी? मान खाली घालायची असली तर व्यासपीठावर बाकी चार जण आहेत. माझ्यासकट.

मघाशी संचालक साहेबांनी फार सुंदर भाषण केलं. म्हणाले, "आमच्या छोट्याशा हबने माणसांना माणसांशी जोडलं." टाळ्या पडल्या. साहेब, त्या वेळी मी मागे दाराजवळ ड्रायव्हरभाऊंकडे पाहत होतो. त्यांना या वाक्याबद्दल काय वाटतं ते विचारा ना! विचारा. ते उत्तर देणार नाहीत. आज सतरावा दिवस आहे, त्यांनी एक अक्षर उच्चारलेलं नाही. अक्कल शाबूत आहे, बटण चांगलं आहे, हनुवटी हलते आहे, बोलणारं यंत्र खुर्चीला बांधलेलं आहे. डबीसुद्धा तिथेच आहे, हिरवा दिवा लागलेली. फक्त आपल्या डबीने ठरवलं आहे की या माणसाला ओळखायचं नाही. सतरा दिवस हा माणूस पापण्या मिटून 'हो' आणि 'नाही' एवढंच सांगतो आहे. आणि आपण त्याला इथे निमंत्रण देऊन बोलावलंत, टाळ्या वाजवायला! ज्याची हनुवटी तेवढी हलते त्याला!

नाही, माईक बंद करू नका. बंद केलात तरी चालेल म्हणा, वर्गात शिकवल्यासारखा माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आज सकाळी मी माझं निवेदन लेखी मागे घेतलं. त्यात लिहिलं आहे की डबी माझी, घर माझं, संमती माझी. मीच बाईंना विनवून बोलावलं होतं. आणि कुणी, कुठे बसून, काय आमिष दाखवून माझी सही घेतली, तेही. बाकी अकरा घरांनी तसंच लिहून दिलं आहे. ड्रायव्हरभाऊंच्या पत्रावर त्यांच्या हनुवटीला शाई लावून उमटवलेला ठसा आहे. एक प्रत ग्राहक न्यायालयात गेली, एक कामगार कार्यालयात. तिसरी माझ्या पत्नीकडे आहे. अहो, ऐकलंत का? या, वर या. साहेबांच्या समोर ठेवा. टेबलावरचा पुष्पगुच्छ थोडा बाजूला सरकवा. हां.

न्यायालय त्याच्या वेळेने काय ते ठरवील. पण एक गोष्ट आत्ता, या सभागृहात होऊ शकते. जुना प्रोग्रॅम कंपनीच्या कपाटात कुलपात नाही. सर्व्हिस विभागाच्या लोकांकडे तो आहे, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. ते सगळे समोर दोन रांगांत बसले आहेत. मी त्यांना विचारतो. कुणी आहे का, जो उठून मागे दाराजवळ जाईल?

बसा, घाई नाही. पोटापाण्याचा प्रश्न असतो, मला कळतं. कळतं म्हणूनच मी ती सही केली होती.

कोण ते? चष्मा, पिकलेल्या मिशा... नाही, खाली बसू नका. काय म्हणालात? मोठ्याने बोला.

"माझ्याकडे आहे. लॅपटॉप गाडीत आहे. साहेब, मी घेऊन येतो."

ऐकलंत, साहेब? हे गृहस्थ आपली परवानगी मागतायत असं मला वाटत नाही, फक्त कळवतायत. त्यांच्यामागे अजून एक उठले. आणि या मुलीही. साहेब, आपण मान हलवलीत. ती होकाराची की नकाराची, मला नीट कळलं नाही. मी होकाराची धरतो, आणि दीडशे माणसं साक्षीला आहेत. जा हो तुम्ही, जिना जपून उतरा. पाऊण तास लागतो म्हणतात. लागू दे. तोवर कुणी हा हॉल सोडू नये, अशी माझी विनंती आहे. इतकी भाषणं ऐकलीत, अजून एक ऐकून जा. ड्रायव्हरभाऊ काय बोलतील मला ठाऊक नाही. सतरा दिवसांचं साठलेलं असणार. चांगलं बोलतील याची मी हमी देत नाही.

मी आता आवरतो. आयोजकांनी मला बोलावलं, त्यांचे आभार. त्यांनी पाठवलेलं भाषण मी वाचलं नाही, पण दुरुस्त करून परत पाठवलं आहे, त्याचं बिल लावणार नाही. सभागृहाने दहा मिनिटांच्या जागी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात एखाद्या व्यक्तीबद्दल अधिक-उणं निघालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं.

बाई, तुम्ही मात्र माझं काही पोटात घालू नका. ती तुमची वाईट खोड आहे. मी केलेल्या सहीची क्षमा मी इथे सगळ्यांदेखत मागतो आहे, पण ती लगेच देऊ नका. आधी रागवा. इतक्या वर्षांत तुम्हाला या व्यासपीठावर कुणी बोलायला सांगितलं नाही, आज कार्यक्रमपत्रिकेतच लिहिलं आहे, 'सत्कारमूर्तींचे मनोगत'. अहो, जरा तो माईक खाली करून बाईंसमोर ठेवा, मला धरता येत नाही.

बोला बाई. आणि कुणाला काही सुनवायचं असेल, तर सुरुवात माझ्यापासून करा.